ठोके मास्तरांचे सात दगड

माण तालुक्यातल्या एका माळावर ठोके मास्तरांनी मांडलेले सात दगड मी उचलले आणि साठेक पावलं खाली नेऊन पुन्हा तसेच मांडले. हे मला कोणी करायला लावलं नव्हतं. चुकून झालं नव्हतं, खेळात झालं नव्हतं. मी सोळा वर्षांचा होतो आणि मला मास्तरांचा सूड घ्यायचा होता. मास्तरांविषयी लिहायचं तर हे आधी सांगितलं पाहिजे. ते लपवून मी त्यांचं कितीही कौतुक केलं, तरी ते खरं मानण्यात अर्थ नाही.

त्यांचं खरं आडनाव वर्गाच्या दारावरच्या वेळापत्रकात तेवढं दिसायचं. साताऱ्यातल्या आमच्या शाळेत ते सगळ्यांचे ठोके मास्तर. कोटाच्या उजव्या खिशात बुटक्या दांड्याची एक हातोडी कायम असायची आणि वाटेत दिसेल त्या दगडावर ते ती ठोकायचे. ठोकून झालं की वाकून कान लावायचे. शाळेची पायरी, देवळाचा चौथरा, नदीच्या घाटाचे दगड, काही सुटलं नव्हतं. एकदा एका लग्नात पंगत बसलेली असताना ते मांडवाबाहेर घराच्या जोत्याला कान लावून बसलेले सापडले. "ऐक," ते आम्हाला सांगायचे, "खणखणीत बोलला तर तो घट्ट कातळ. पाण्याला वाट देत नाही. बद्द बोलला तर आतून सच्छिद्र आहे. पाणी असल्या दगडात राहतं." हीच हातोडी ते उत्तर न येणाऱ्या मुलाच्या डोक्याजवळ न्यायचे आणि म्हणायचे, "इथंही बद्द बोलतंय, पण पाणी नाही." सगळा वर्ग हसायचा. ज्याच्या डोक्याजवळ हातोडी असेल तो सोडून.

भूगोल हा त्यांचा विषय. तो शिकवावा तर त्यांनीच. पण माणूस मनात धरून ठेवणारा. हेडमास्तर एकदा सभेत म्हणाले होते, भूगोल म्हणजे नकाशे रंगवायचा विषय. ते वाक्य मास्तरांनी सहा वर्षं सोडलं नाही. हेडमास्तरांच्या खोलीत त्यांनी त्यानंतर पाऊल ठेवलं नाही. सही करायची असली तर उंबऱ्याबाहेर उभे राहायचे आणि शिपाई कागद बाहेर आणायचा. आम्ही धीर करून विचारलं तेव्हा म्हणाले, "मी दगडांत राहतो रे. दगडावर एकदा उमटलं की उमटलं." त्यांच्या या स्वभावाची आम्हाला गंमत वाटायची. त्यांच्यामुळे तो थोडा माझ्यातही उतरला होता, हे मला फार उशिरा कळलं.

दरवर्षी थंडी संपता संपता ते मॅट्रिकच्या आधीच्या वर्गाला चार दिवसांच्या सहलीला न्यायचे. सहलीचं नाव त्यांनीच ठेवलेलं होतं: पाऊस पडतो तिथून पडत नाही तिथपर्यंत. आमच्या वर्षी लढाई चालू होती. पेट्रोल मिळत नव्हतं. मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची आणि चढावर थांबून दम खायची. आम्ही उतरून ढकलायचो आणि तेवढ्यात मास्तर रस्त्याकडेच्या दरडीला कान लावून यायचे.

पहिला मुक्काम पाचगणीला. तिथल्या बोर्डिंगची मुलं घोड्यांवर बसून सपाट पठारावर फिरत होती आणि आम्ही बावीस जण जांभ्या दगडाभोवती उकिडवे बसलो होतो. मास्तरांनी तांब्याभर पाणी दगडावर ओतलं. बघता बघता ते आत गेलं. "कुठं गेलं?" त्यांनी विचारलं. मग त्यांनी आम्हाला पठाराच्या कडेनं खाली उतरवलं, झाडीतून ओरबाडून घेत अर्धा तास चालवलं आणि एका कपारीतून झिरपणाऱ्या झऱ्याशी नेऊन उभं केलं. "हे घ्या तुमचं पाणी," म्हणाले. "डोंगर पितो, पोटात ठेवतो आणि मग सावकाश देतो. ज्याला दगड वाचता आला त्याला पाणी सापडतं." मी ओंजळीनं ते पाणी प्यालो. त्या दिवशी मला मास्तर देवासारखे वाटले होते. हेही मला सांगितलंच पाहिजे.

तिसऱ्या दिवशी आम्ही माणात पोचलो. गाव लहान, बहुतेक घरं मेंढ्या राखणाऱ्यांची. झाड असं औषधाला नव्हतं. बायका दोन कोसांवरच्या ओढ्यात वाळू उकरून वाटीवाटीनं घागर भरायच्या. एक घागर भरायला अर्धी सकाळ जायची. मास्तर पाणी दाखवतात हे कुठूनतरी कानावर गेलेलं, म्हणून गावचे वडीलधारे बिरू तात्या आमची वाट पाहत वेशीवर उभे होते. खांद्यावर घोंगडी, एक पाय जरा ओढत चालायचे. त्यांनी मास्तरांना एवढंच सांगितलं की गाव खणायला तयार आहे, हात आहेत, पहारी आहेत, सुरुंगाची दारूही मिळवू, फक्त कुठं खणायचं ते कळत नाही. जागा चुकली तर गावात दुसऱ्यांदा खणायची ताकद उरणार नाही.

मी तिथंच तोंड उघडलं नसतं तर बरं झालं असतं. माझे आजोबा पाणाडी होते. आष्ट्याच्या पंचक्रोशीत त्यांनी दाखवलेल्या विहिरी अजून उसाला पाणी देतात. तळहातावर नारळ आडवा ठेवून ते शेतातून चालायचे आणि पाण्याच्या जागी नारळ उभा राहायचा. वडील फौजेत, लढाईवर. मला आजोबांनीच वाढवलं होतं आणि त्याच हिवाळ्यात ते गेले होते. मी बिरू तात्यांना मोठ्या अभिमानानं सांगितलं की माझ्या आज्यानं मला नारळ धरायला शिकवलाय. तात्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, "मग पोराच्या हातानंबी बगू की मास्तर. दोगांचं जुळलं तर आमाला लय धीर यील."

मास्तरांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं. गावातून नारळ आला. माळावर सगळा गाव जमला, बायकासुद्धा घागरी टेकून उभ्या राहिल्या. मी चाललो आणि एका ठिकाणी नारळ उभा राहिला. लोक "व्हय, व्हय" करायला लागले. तेव्हा मास्तर पुढं झाले. त्यांनी आपला रुमाल माझ्या डोळ्यांवर बांधला, मला दोनदा गोल फिरवलं आणि म्हणाले, "आता परत." मी चाललो. नारळ उभा राहिला, पण दुसरीकडे. तिसऱ्यांदा तिसरीकडेच. रुमाल काढला तेव्हा माझे वर्गमित्र पोट धरून हसत होते. मास्तर हसत नव्हते. त्यांनी माझ्या हातातला नारळ घेतला आणि गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तुझ्या आज्याच्या नारळाला पाणी कळत नाही. हात थरथरला की तो उभा राहतो. तुझा आजा लोकांना फसवत होता, नाहीतर स्वतःला."

आजोबांना जाऊन तीन महिने झाले नव्हते. बायका पदर तोंडाला लावून पाहत होत्या. तेव्हापासून मॅट्रिक होईपर्यंत शाळेत माझं नाव नारळ्या राहिलं.

लोक जेवणाच्या तयारीला खाली देवळाकडे गेले. मास्तर मात्र उन्हात दुपारपर्यंत माळ ठोकत राहिले. माळाला छेदून काळ्या कातळाची एक उभी पट्टी गेलेली होती, जमिनीत पुरलेल्या भिंतीसारखी. मास्तर तिच्या दोन्ही अंगांना फिरले. मग वरच्या अंगाला एका जागी गुडघे टेकून किती तरी वेळ कान लावून बसले. उठले तेव्हा त्यांचा एक गाल मातीनं लाल झाला होता आणि चेहऱ्यावर लहान मुलाचा आनंद होता. त्यांनी समजावून सांगितलं ते मला आजही पाठ आहे. चढावरून मुरत येणारं पाणी या भिंतीला अडतं. वर मुरूम आहे, त्याखाली पांढऱ्या ठिपक्यांचा सच्छिद्र दगड. तोच पाणी धरतो. भिंतीच्या वरच्या अंगाला वीस हातांच्या आत पाणी. खालच्या अंगाला शंभर हात गेलं तरी कोरडं.

मग त्यांनी आमच्याकडून दगड आणवून ओळीनं मांडले. सात. कोणीतरी विचारलं, सातच का? मास्तर खुशीत होते. म्हणाले, "पाच दगड गुराखीसुद्धा मांडतो आणि लाथेनं उडवतोही. सात मांडले की लोकांना आसरा वाटतात. पाण्याच्या देवी. कोणी हात लावत नाही."

मी मागे उभा होतो. माझ्या आज्याचा नारळ म्हणजे फसवणूक आणि यांचे सात दगड म्हणजे हुशारी. हे मला जे झोंबलं, ते नारळावरून झालेल्या हसण्यापेक्षा जास्त झोंबलं.

जेवायला उतरताना मी पोट दुखतंय म्हणून मागे राहिलो. माळावर कोणी नव्हतं. एकेक दगड उचलून मी भिंत ओलांडली आणि खालच्या अंगाला नेऊन ठेवला. सात खेपा केल्या. शेवटच्या खेपेला मनात एक गारवा होता, झऱ्याचं पाणी प्यावं तसा. पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आलो की तिथंही पाणी लागेल असं मला वाटलं होतं, मी तर फक्त मास्तरांची खोडी काढली. ते खोटं आहे. मास्तरांनी समजावलेलं मला सगळं समजलं होतं. म्हणूनच मी दगड बरोबर त्या बाजूला नेले. ती विहीर कोरडी जायला हवी होती. गावानं मास्तरांच्या तोंडावर थुंकायला हवं होतं. मी खाली जाऊन पिठलं-भाकरी खाल्ली आणि दुसऱ्यांदा मागून घेतली.

मास्तरांनी तात्यांना जागेवर नेऊन दाखवलं नाही. हमरस्त्यावरची मोटार चुकायला नको म्हणून बैलगाड्या जुंपून उभ्या होत्या. देवळाच्या पायरीवरूनच त्यांनी माळाकडे हात केला आणि सांगितलं की सात दगड दिसतील, तिथंच खणा, एक हातसुद्धा इकडं-तिकडं नको. तात्यांनी हात जोडले.

पावसाळ्याच्या तोंडावर, शाळा नुकती उघडलेली असताना, बिरू तात्या आणि दोघं जण आमच्या वर्गाच्या दारात आले. माणाहून चालत आले होते. तात्यांनी घोंगडीची गाठ सोडली आणि व्हरांड्यात काळ्या दगडांच्या चिपांचा ढीग ओतला.

"मास्तर, हे बगा तुमचं पानी," तात्या म्हणाले. "तीस हात खनलं. घ्या, प्या."

मास्तर उठून बाहेर गेले. एक चीप उचलली, खिशातून हातोडी काढून तिच्यावर हलकेच ठोकली, कानाशी नेली. मग दुसरी. मी पहिल्या बाकावर होतो, मला त्यांचं पुटपुटणं ऐकू आलं. "हा माझ्या जागेचा दगड नाही." त्यांनी मान वळवून वर्गाकडे पाहिलं. बावीस तोंडांवरून नजर फिरत माझ्यावर आली आणि थांबली. मी नजर हटवली नाही. मला त्यांनी ओळखायलाच हवं होतं. सूड कोणी घेतला हे कळलं नाही तर तो सूड कसला?

आता सांगतील, मला ओढत बाहेर नेतील, याची मी वाट पाहत होतो. मास्तर तात्यांकडे वळले. "चूक माझी आहे, तात्या. मी जागेवर येऊन दाखवायला हवं होतं."

"चूक म्हनं," तात्या म्हणाले. "आवं, आमच्या बाया वाळू उकरत्यात अजून. त्यास्नी येऊन सांगा, चूक झाली म्हून."

पुढच्या रविवारी मास्तर एकटे तिकडे गेले. काय झालं ते नंतर तिकडून येणाऱ्या एका मेंढीवाल्याकडून कळलं. विहिरीच्या काठावर सात दगडांना शेंदूर लागला होता, हळदीकुंकू वाहिलेलं होतं, हिरवी चोळी होती. मास्तरांनी वरची जागा दाखवली, हात जोडले, पायाही पडले म्हणे. गावानं ऐकलं नाही. आसरा जिथं बसल्या तिथून उठवायच्या कशा? पाणी देत नाहीत म्हणजे कोपल्या असतील, अजून खोल जायला हवं. आणि वरची जागा तरी कशावरून खरी, सांगणारा तोच माणूस. पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाला गावकरी त्याच खड्ड्यात आणखी खोल गेले. सुरुंगाची चीप उडून तात्यांच्या थोरल्या मुलाचा, म्हाकूचा, उजवा डोळा गेला. मग खणणं थांबलं.

दगड सात मांडायची युक्ती मास्तरांची होती आणि ती इतकी पक्की ठरली की त्यांनाही मोडता आली नाही.

त्यांनी माझं नाव कोणाला सांगितलं नाही. पण सोडलंही नाही. त्या दिवसापासून हजेरी घेताना ते पंधरा नंबरनंतर सतरा म्हणायचे. मी सोळा. वर्षभर त्यांनी मला प्रश्न विचारला नाही. माझी वही तपासून यायची ती लाल शाईच्या एकाही ठिपक्याशिवाय. मी मुद्दाम मुंबई इलाख्याच्या नकाशात कृष्णा उलटी वाहवली, तरी ठिपका नाही. मोटारीखाली सापडलो असतो तरी त्यांनी बाजूनं वाट काढली असती. मला याचा इतका राग यायचा की म्हाकूच्या डोळ्याचं कळलं, तेव्हाही पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की आता तरी बोलतील. मला स्वतःविषयी जे काही कळलंय त्यात एवढं वाईट दुसरं काही नाही.

पुढं मी आष्ट्याला शेती पाहायला लागलो. आजोबांच्या विहिरीवर ऊस बारमाही उभा असतो. मोट जाऊन इंजिन आलं. पाटातून पाणी खळखळत निघालं की मला ओढ्यातल्या वाळूत उकरणारे हात दिसायचे आणि मी बांधावरून उठून जायचो. माझ्या मुलाला मी एकदा पाणी सांडलं म्हणून मारलं. बायको म्हणाली, एवढं काय झालं?

मास्तर निवृत्त होऊन सांगलीला मुलीकडे राहतात असं कळल्यावरही मी तीन वर्षं गेलो नाही. गेलो तेव्हा ते खाटेवर उशांना टेकून बसले होते. अंग पार वाळलं होतं. मी नाव सांगायच्या आधीच म्हणाले, "सोळा नंबर. बस."

मी सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाच विचारलं, "किती पावलं नेलेस?"

"साठ असतील, सर."

"बासष्ट," ते म्हणाले. "त्या रविवारी मी मोजली."

मग मी विचारलं की माझं नाव त्यांनी का सांगितलं नाही. म्हणाले, "सांगितलं असतं तर ती माणसं सुरुंगाची दारू घेऊन तुझ्या घरी आली असती. आणि मेलेल्या माणसाला मी सगळ्यांसमोर फसव्या म्हणालो होतो. ते मला म्हणायला नको होतं. तेही मी विसरलो नाही." मी पायांना हात लावायला वाकलो तर त्यांनी पाय आखडून घेतले. "माफी वगैरे मी देत नाही. मला राग धरून ठेवायला आवडतो, तुला माहीत आहे. आणि माझं काय गेलं? नाव गेलं. माझ्याकडं सांगून तू स्वस्तात सुटायला बघतोयस, लेका. तिकडं जाऊन सांग."

मी जातो म्हणालो. त्यांच्या मुलीनं चहा दिला. निघताना ते मागून म्हणाले, "भिंतीच्या वर. खाली नाही."

लगेच जायला हवं होतं. मी ऊस तुटायची वाट पाहिली, मग माझ्या मुलीच्या लग्नाची. आठ महिन्यांनी मास्तर गेल्याचं पत्र आलं. त्यानंतरच्या आठवड्यात मी माणात उतरलो.

बिरू तात्या कधीच गेले होते. म्हाकू देवळाच्या पायरीवर लोकर पिंजत बसला होता, माझ्याहून थोडा मोठा. त्याला मी सांगितलं की ठोके मास्तरांचा विद्यार्थी आहे. त्यानं डोळा बारीक करून माझ्याकडे पाहिलं. त्या आडाला अजून ठोक्याचा खड्डाच म्हणतात, तो म्हणाला, आणि गावात कोणी थाप मारली की त्याला ठोक्या म्हणायची रीत पडलीय. "मेला का न्हाई त्यो?"

"गेले. मागच्या आठवड्यात."

"उशीर केला," म्हाकू म्हणाला आणि लोकर पिंजायला लागला.

मी त्याला म्हटलं, मला गावाला काही सांगायचंय, चार माणसं बोलाव. त्यानं का म्हणून विचारलं नाही. संध्याकाळी मेंढरं आत घेतल्यावर देवळापुढं पंचवीसतीस माणसं जमली. बायका पाण्याहून येत होत्या, त्या घागरी डोक्यावर तशाच ठेवून मागे उभ्या राहिल्या. मी उभा राहिलो आणि बोललो. काय बोललो ते मलाच नीट ऐकू आलं नाही. मागून एक म्हातारी म्हणाली, "आरं बाबा, बायास्नी आईकू येत न्हाई. मोट्यानं बोल."

म्हाकू हातातली लोकर खाली ठेवून माझ्याकडे पाहत होता. त्यानं पहिल्या वेळीच सगळं ऐकलं होतं, हे मला दिसत होतं. तरी मी पुन्हा सांगितलं, माळापर्यंत जाईल एवढ्या आवाजात.

"ठोके मास्तरांनी तुम्हाला फसवलं नाही. त्यांची जागा भिंतीच्या वर होती. ते दगड मी हलवले. पाणी लागू नये म्हणूनच हलवले, मला माहीत होतं. म्हाकूदादा, तुमचा डोळा माझ्यामुळं गेला. बायांनो, इतकी वर्षं तुम्ही वाळू उकरली ती माझ्यामुळं. मास्तरांनी माझं नाव झाकलं, आणि तुमच्या शिव्या त्यांनी खाल्ल्या. त्या माझ्या होत्या. मी तुमचा गुन्हेगार आहे. मला माफ करा म्हणायची माझी लायकी नाही, पण म्हणतो. माफ करा."